गादीवाल्याचं ‘आलोच’

गल्लीत त्याला सगळे ‘आलोच’ म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्याच्या पाठीमागे बोलायला वेळ भरपूर मिळतो, कारण हा समोर असतोच कुठे! धंदा गाद्या शिवण्याचा. कोपऱ्यावर दुकान, आत कापसाचे ढीग, खिळ्यांना अडकवलेल्या दोऱ्याच्या लडी, खोळींचं कापड आणि गाद्या शिवायच्या लांब दाभणी, आणि सगळ्यावर कापसाची पांढरी धूळ. घरातून निघताना चपला पायात सरकवत हा गृहस्थ एकच शब्द टाकतो, “आलोच!” आणि जातो तो जातोच. कोणी फोन करून विचारलं, “आहेत का घरी?” तर बायको सांगते, “आलोच म्हणून गेलेत. म्हणजे आता दिवे लागल्यावर बघा.”

बरं, दारू नाही, पत्ते नाहीत, बाहेर काही भानगड नाही. असती तर एक वेळ परवडलं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. हा जातो तो लोकांचं भलं करायला. गावाच्या टोकाला बंद पडलेल्या छापखान्यात बेघर माणसांसाठी निवारा आहे. वर्षअखेरच्या सुट्ट्या लागल्या, थंडी पडली, की लोकांना दानाचा उमाळा येतो आणि घरातली अडगळ धडाधड बाहेर पडते. फाटक्या गाद्या, गोळे झालेल्या रजया, जिच्यावर कुत्रं झोपलं होतं ती सतरंजी. एका पुण्यवंताने तर एकाच पायाचे बूट पाठवले होते, दोन्ही डावे. ते सगळं निवारा चालवणाऱ्या बाई याच्या दुकानात टाकतात. हा गादी उसवतो, कापूस उन्हात घालतो, पिंजून घेतो, नवी खोळ चढवतो आणि टाके मारून पुन्हा गादीसारखी गादी करतो. फुकट. म्हणजे जगाला सुट्टी लागली की याचा हंगाम सुरू.

बायको एकदा शेजारणीला म्हणाली होती, “भलं करायला निघालेल्या माणसाला अडवायचं तरी कसं? अडवलं तर वाईट आपणच दिसतो. त्यांना दुवा मिळतात आणि मला गार झालेली ताटं.” खरं होतं तिचं. शेजारीण हसली, पण बायको हसली नाही.

त्या वर्षीच्या सुट्टीत लेक आली होती. जावयाला आणि पोरीला घेऊन. जावयाला समुद्रापलीकडे नोकरी लागली होती, आणि ही सुट्टी संपली की तिघं तिकडे जाणार होते. कायमचं म्हणत नव्हतं कोणी. ‘बघू’, ‘वर्षा-दोन वर्षांनी’, ‘तिकिटं किती महाग’ असं बोलणं चालायचं. असं बोलणं सुरू झालं की काय समजायचं ते घरातल्या मोठ्यांना समजतं.

नातीचं घरातलं नाव ठमी. नुकती बोलायला लागलेली, गाल गोबरे. आजोबा रोज “आलोच” म्हणून बाहेर पडायचे ते बघून बघून तिने एक शोध लावला होता. जाताना जे म्हणतात ते ‘आलोच’. टाटा वगैरे तिला मान्य नव्हतं. दूधवाला निघाला की हात हलवून “आलोच!” खिडकीतून पाखरू उडालं, “आलोच!” आंघोळीनंतर बादलीतलं पाणी मोरीत गडगडत गेलं, तर उघडीवाघडी उभी राहून त्या पाण्याला हात करायची, “आलोच, आलोच!” आजी सांगायची, “अगं बयो, तू मुलगी ना? आलेच म्हणावं, आलेच.” ठमी मान हलवायची आणि म्हणायची, “आलोच.” सगळे पोट धरधरून हसायचे. सगळ्यात जास्त हा हसायचा. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्याने तो किस्सा ऐकवला होता.

आणि लेक? लेक हसायची, पण अर्धवट. तिने आल्या दिवशीच बापाकडे एक गोष्ट मागितली होती. “बाबा, मला तुमच्याकडून काही नको. जायच्या दिवशी फक्त घरी बसा. सकाळपासून गाडी येईपर्यंत. सगळे एकत्र जेवू. एवढंच.”

“म्हणजे काय! हे काय सांगायला पाहिजे का?” तो म्हणाला. “बाईंनाही सांगून टाकतो, त्या दिवशी मी नाही.” आणि खरंच सांगूनही आला.

तो दिवस उजाडला. गाडी दुपारी दोनला येणार होती. हा सकाळीच आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसला. बसला म्हणजे टेकला. पाच मिनिटांत उठून नळ घट्ट आहे का ते बघून आला. मग सोफ्याचा कोपरा दाबून बघितला. मग दाराची बिजागरी कुरकुरते म्हणून तेलाची बाटली शोधायला लागला.

“अहो, बूड टेका की जरा!” बायको आतून ओरडली.

“टेकलंय,” तो उभ्यानेच म्हणाला.

आतल्या खोलीत बॅगा भरणं चाललं होतं. चेन ओढल्याचा आवाज आला की हा उगाच बिजागरी पुसायला लागायचा. एकदा दारात जाऊन डोकावला, तर लेक ठमीचे इवलेसे पायमोजे घडी करून बॅगेच्या कडेला खोचत होती. तो मागे फिरला. उसवलेल्या गादीकडे तो तासन्‌तास बघू शकतो, पण ते मोजे त्याला बघवेनात. रडावं तर बाप माणूस, बोलावं तर बोलायचं काय? या माणसाला एकच इलाज ठाऊक होता: पायात चपला.

आणि कारणही सापडलं. ठमीसाठी एक छोटी उशी करायची त्याने कबूल केली होती. आल्या दिवशी कबूल केली होती, हो! निवाऱ्यातल्या माणसांच्या गाद्या झाल्या, त्यांच्या उशा झाल्या, आणि नातीची उशी दुकानात अर्धवट पडलेली, तीन बाजू शिवून, एक उघडी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

“ठमीची उशी राहिलीय,” तो म्हणाला. “दहा टाके फक्त. आलोच!”

लेक बॅगेवरून उठून दारात आली. “बाबा...”

“अगं, जेवायच्या आत येतो. पानं घ्यायला लाग.”

ठमीने हात हलवला. “आलोच!” म्हणाली. कोणी हसलं नाही.

दुकानात त्याने उशी मांडीवर घेतली, दाभणीत दोरा ओवला आणि पहिला टाका मारला. दुसरा मारतोय तोच बाहेर टेम्पो थांबला. निवाऱ्याचा टेम्पोवाला. मागे गाद्यांची चळत.

“कोणीतरी वसतिगृह रिकामं केलं, तिथल्या आल्यात,” टेम्पोवाला म्हणाला. “बाई म्हणाल्या, तुम्ही आज नाही, तर शटरपाशी टाकून ये. उद्या बघतील.”

उद्या. शब्द स्पष्ट होता, तिथे कोणाचं अडलेलं नव्हतं. पण याने गाद्यांना हात लावून बघितला. “ह्या तर बऱ्या आहेत की! नुसते टाके तुटलेत. उद्या कशाला? तिथेच जाऊन मारून टाकतो, आज रात्री माणसं झोपतील तरी यांच्यावर. चल, पटकन जाऊन येऊ.” आणि दाभण, दोरा घेऊन चढला की टेम्पोत! उशी बगलेत तशीच राहिली. आता अशा माणसाला काय करावं, सांगा!

निवाऱ्यात पोचल्यावर तो कामाला लागला आणि डोकं शांत झालं. टाका वरून घालायचा, खालून ओढायचा, गाठ आवळायची. पूर्वी लेक लहान असताना मोठी गादी उभी करून तो एका बाजूला बसायचा आणि ती पलीकडे. तो दाभण आरपार घालायचा, ती तिकडून परत सारायची. गादीमुळे एकमेकांची तोंडं दिसायची नाहीत, फक्त दाभण यायची-जायची. “बाबा, आली!” “बाबा, गेली!” त्याला ते आठवलं. मग त्याने पुढची गादी ओढली. मग तिच्या पुढची.

जेवणाची वेळ झाली. बाईंनी माणसांना पंगतीला बसवलं, याच्याकडे बघून चमकल्या. “अहो, तुम्ही आज येणार नव्हतात ना?”

“सहज आलो. निघतोच आहे.”

पंगतीत एक म्हातारा रंगारी होता. आयुष्यभर घरं रंगवली आणि आता स्वतःला भिंत नाही. तोंडाने भलताच तिखट. याने शिवलेली गादी एकदा त्याने ‘फार मऊ’ म्हणून परत केली होती.

“सुट्टीच्या दिवशी इकडे?” रंगाऱ्याने घास घेता घेता विचारलं. “घरी कोणी नाही वाटतं.”

“आहेत ना. लेक आलीय, जावई, नात. आज चाललेत. लांब, परदेशात.”

रंगाऱ्याने घास ताटात ठेवला. “मग तुम्ही इथे काय करताय?”

“ह्या गाद्या जरा...”

“अहो, गाद्या कुठे पळून चालल्यात? चाललीय ती लेक!”

कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखा हा उभा राहिला. रंगारी खाली बघून पुन्हा जेवायला लागला होता, पण पुटपुटत होता, “लोकांना द्यायला आलाय. शहाणाच आहे.”

टेम्पो दुसऱ्या फेरीला गेलेला. याने हातातली दाभण उशीच्या उघड्या बाजूला टोचली आणि हा उशी बगलेत घट्ट धरून निघाला, आधी भरभर, मग पळत. या वयात, चपलांनी! वाटेत कोणी हाक मारली, “काय, कुठे?” तर तोंडातून सवयीने “आलोच” निघालं आणि त्याचा त्यालाच राग आला. पायाला भिंगरी म्हणतात ना लोक, ती आज प्रथमच घराकडे फिरत होती, आणि नेमका आजच रस्ता संपेना. गल्लीच्या तोंडाशी आला तर घरासमोर गाडी उभी, बॅगा चढलेल्या, इंजिन चालू. बायको खिडकीला धरून उभी होती, पदर तोंडाला लावून. जावई ड्रायव्हरला सांगत होता, “अजून दोन मिनिटं, दोनच मिनिटं.”

तो गाडीपाशी पोचला. केसात कापूस, इस्त्रीचा शर्ट घामाने चिकटलेला. लेक मागच्या सीटवर बसली होती, ठमी मांडीवर. ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागावली नाही.

“तुमचं ताट झाकून ठेवलंय, बाबा,” ती म्हणाली. “गरम करून घ्या.”

“उशी,” तो धापा टाकत म्हणाला आणि खिडकीतून उशी आत सारली. ठमीने दोन्ही हातांनी ओढली. तेवढ्यात याला आठवलं, दाभण! उघड्या बाजूला दाभण तशीच टोचलेली होती. “थांब, थांब!” करत त्याने झटकन ती उपसून काढली, आणि कापसाचा एक पुंजका बाहेर येऊन लेकीच्या मांडीवर पडला. “दोन मिनिटं दे, शिवून देतो, आत्ता...”

“राहू दे,” लेक म्हणाली. तिने पुंजका उचलून पुन्हा उशीत कोंबला आणि उघडी बाजू मुठीत धरली. “तिकडे गेल्यावर मी घालीन टाके. मला येतात.” मग तिने मान वर केली. “मला दिवसभर तुम्ही हवे होतात, बाबा. उशी नको होती.”

याला बोलायचं होतं. ठमीचे मोजे बघवले नाहीत गं, म्हणून पळालो, एवढं साधं वाक्य होतं. त्याऐवजी तो दाभण शर्टाला पुसत राहिला. विमान काही कोणासाठी थांबत नाही. जावयाने वाकून हात जोडले आणि गाडी हलली. खिडकीतून एक गुबगुबीत हात बाहेर आला आणि जोरजोरात हलायला लागला.

“आलोच!” ठमी ओरडली. “आजोबा, आलोच!”

गाडी वळली. हा रस्त्यात दाभण हातात धरून उभा. बायकोला काय म्हणायचं होतं ते नातीने म्हणून टाकलं होतं.

त्यानंतर निवाऱ्याचं काम सुटलं असं नाही. सुटू नयेच, थंडी काय याच्या घरच्या गोष्टी ऐकून कमी होते? पण निघताना आता तो उंबऱ्यात थांबतो आणि सांगतो, “जातोय. संध्याकाळ होईल.” पहिल्या दिवशी बायको दचकली. “अहो, ‘जातो’ काय म्हणता? येतो म्हणावं!” तो म्हणाला, “जातोय तर जातोय म्हणतो.” आणि सांगितल्याप्रमाणे संध्याकाळी आला.

रविवारी मात्र तो कुठेच जात नाही. त्या दिवशी लेकीचा फोन येतो. पहिल्याच रविवारी तिने सांगितलं, उशी शिवली, टाके वाकडे आलेत, पण ठमी तिच्याशिवाय झोपत नाही. हा ऐकत होता. मग ते मोज्यांचं वाक्य त्याने कसंबसं सांगितलं. पलीकडून लेक म्हणाली, “माहीत होतं मला. पण सांगितलंत, बरं केलंत.” मग ठमीला फोन दिला. ठमी तिची ती बडबड करत राहिली, कुत्र्याबद्दल, बुटाबद्दल, आणखी कशाबद्दल. शेवटी म्हणाली, “आजोबा, आलोच!” आणि कुठलंतरी बटण दाबलं. फोन बंद.

हा फोन कानाला लावून खुर्चीत तसाच बसून राहिला. बायको हात पुसत बाहेर आली, बघत उभी राहिली.

“अहो, ठेवा आता. केव्हाच बंद झालाय तो.”

“थांब गं जरा,” तो म्हणाला. “आलोच म्हणालीय ती.”