खरेदीखतातलं जल

आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. नगरच्या वकीलसाहेबांनी मला हाताखाली घेतलं, याचे उपकार मी आजही मानतो. पण आपल्याला इंग्रजी येतं याचा मला तेव्हा फार अभिमान होता, आणि दुष्काळाच्या त्या वर्षी त्यानेच आमची नाव जवळजवळ बुडवली.

तिसगावकडच्या एका विधवा बाईंचं अपील साहेब लढवत होते; ते मुंबईच्या हायकोर्टात लागलं होतं. त्यांच्या नवऱ्याने शेत विकत घेतलं होतं. विहीर मात्र विकणाऱ्याच्या भावाच्या रानात. भावाभावांच्या वाटणीत आठवड्यातले दोन दिवस पाणी या शेताला ठरलेलं. भावाने ती पाळी तोडली, आणि नगरच्या कोर्टात बाई हरल्या. मोसंबीची झाडं वाळत होती. हायकोर्टापुढे प्रश्न एवढाच, की शेत विकलं तर पाण्याचा हक्कही त्याबरोबर जातो का?

"खरेदीखतात पाण्याचा शब्दही नाही," समोरचे वकील म्हणाले.

खताचं इंग्रजी भाषांतर माझं होतं. आपल्याकडे प्रत्येक खतात 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेप यांसह' असं असतंच. इतकं ठरीव, की वाचताना डोळे आपोआप पुढे सरकतात. माझेही सरकले होते.

मी साहेबांचा गाऊन ओढला. "साहेब, शब्द आहे. मीच गाळला."

"गाढवा!" ते पुटपुटले आणि ताडकन उठले. "भाषांतरातली चूक आमची आहे. मूळ खत पाहावं."

न्यायमूर्ती मराठीच होते. खत काढून त्यांनी माझ्याकडे दिलं. "वाचा." मी ती ओळ 'जल'पासून मोठ्याने वाचली.

"ही तर लेखनिकांची घोकलेली ओळ," समोरचे वकील म्हणाले. "सगळ्याच खतांत असते."

"सगळ्या खतांत असते, म्हणून ती कुठल्याच खतात नाही असं धरायचं?" न्यायमूर्तींनी विचारलं.

साहेबांनी तेवढं पकडलं. "त्या शेतात दुसरं पाणी होतंच कुठे? ही पाळी सोडली तर 'जल' म्हणून विकलं तरी काय?" न्यायमूर्तींनी तिथेच निकाल सांगायला सुरुवात केली. पाळी शेताबरोबर गेली, असा.

बाहेर व्हरांड्यात बाई बसल्या होत्या. मी जिंकल्याचं सांगितलं, चूकही सांगितली.

"येवढं शिकून तीच वळ गाळली व्हय रं दादा?" त्या मोठ्याने हसल्या, मग एकदम उठल्या. "सोमवारपासनं आपली पाळी. यष्टी कदी हाय?"

"बाई, निकालाची नक्कल मिळायला दिवस लागतील," साहेब म्हणाले. "तोवर तो अडवेल."

"नक्कल तुमी आना मागनं. मी जाऊन हिरीवरच्या इंजिनात त्याल घालते."