भट्टीजवळचा गूळ

मलकापूरच्या बाहेर जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतलं शिसं वितळवायचा कारखाना आहे. मी तिथं कामाला जाते. चारचौघांत बोलणं मला जमत नाही, म्हणून हे आपलं लिहून ठेवते.

दुपारच्या चहाआधी आम्हाला गूळ मिळतो. नाकातोंडात गेलेली धूळ गुळाने निघून जाते, असं सगळेच मानायचे. वाटायचा मान मावशीचा, कारण भट्टीवर ती सगळ्यांत जुनी. खडा हातावर ठेवताना म्हणायची, "खा व बाई, शिसं पळते."

एकदा डॉक्टरीणबाई येऊन सगळ्यांचं रक्त घेऊन गेल्या. पुन्हा आल्या तेव्हा म्हणाल्या, रक्तात शिसं किती चालतं याला हद्द असते. मावशीचं वर गेलंय. खाली येईपर्यंत भट्टीकडे फिरकायचं नाही, आणि आलंच नाही तर तिला भट्टी कायमची बंद.

मावशीचं तोंड उतरलं, पण जीभ नाही. "हद्द वावराले असते. रक्ताले कधीपासून आली? अन् आम्ही तं रोज गूळ खातो!"

"कुठे खाता?"

"तिथीसाच, भट्टीपाशी."

"हात धुऊन?"

"धुतो ना! खाल्ल्यावर. बोटं चिकट होतात न."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. आम्ही पदर तोंडात धरून हसलो. मग त्यांनी सांगितलं, गुळाने शिसं पळत नाही, उलट हातावरचं शिसं गुळाबरोबर पोटात जातं. तेव्हा ज्याने त्याने आपापले काळे हात पाहिले.

मावशीला फाटकापाशी गोण्या शिवायला बसवलं. गुळाचा डबा तिने मला दिला. "तू बोलत नाहीस, भांडण होणार नाही."

डबा मी नळाजवळ नेऊन ठेवला. स्वच्छ हात दिसल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. बोलायची गरजच पडत नसे.

दिवाळीनंतर मावशीचं रक्त पुन्हा तपासलं. हद्दीच्या खाली आलं होतं. ती थाटात भट्टीवर परतली आणि दुपारी तशीच येऊन तिने डब्याच्या झाकणाला हात घातला.

"मावशी, आधी हात."



"आता व माय! हिले तोंड फुटलं!"

पण नळावर गेली. कोपरापर्यंत चोळून आली, दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "पाह्य, निघालं का?"

"नखं राह्यली."

बडबडत पुन्हा नळावर गेली.