बाजूला काढलेला वाटा

भोसरीतल्या त्या छोट्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत पाव वाटून खाण्याचा विधी, असायचा. सयाजी पाटोळे त्या दिवशी शेवटून दुसऱ्या बाकावर, भिंतीच्या कडेला बसायचा. पावाच्या तुकड्यांचं ताट हातोहात फिरत यायचं. त्याची बायको मंजुळा एक तुकडा उचलायची आणि ताट त्याच्यापुढे धरायची. सयाजी ते दोन्ही हातांनी घ्यायचा, क्षणभर त्यात पाहायचा आणि मागच्या बाकावर सरकवायचा. नऊ वर्षं हे असंच चाललं होतं.

त्याचा विश्वास उडाला होता असं नाही. उलट, तो तुकडा आपण खावा म्हणून त्याचा जीव तळमळायचा. बेकरीतला साधा पाव तो, रोज सकाळी चहात बुडवून खायचा तोच. पण ताटातला हा तुकडा मात्र हाताच्या अंतरावर असूनही लांब राहायचा. माणसं डोळे मिटून तो तोंडात ठेवायची, तेव्हा सयाजी त्यांच्याकडे पाहत बसायचा.

सयाजी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये तयार माल तपासायचा. मापात केसभर फरक निघाला तरी लोखंडी शाफ्टवर नापासाचा लाल ठिपका पडायचा. सयाजीने पास केलेला माल कधी परत आला नाही, असं मालक दरवर्षी दसऱ्याला सगळ्यांसमोर सांगत. घरीही त्याची नजर तशीच. मंजुळाने घातलेली शर्टाची घडी तो मोडून पुन्हा घालायचा. त्याची लेक सृष्टी शाळेत होती तेव्हा तिच्या वहीत एक खाडाखोड दिसली तरी अख्खं पान पुन्हा लिहायला लावायचा. ती आता हिंजवडीत नोकरीला होती आणि फोनवर बापाशी अजूनही जपून बोलायची.

त्याचे वडील, अण्णा, नेवाशाकडच्या एका खेड्यात ख्रिस्ती मंडळीचे उपदेशक होते. नऊ वर्षांमागे ते आजारी पडले. अण्णा तुझी आठवण काढतात, लवकर ये, असा गावाहून फोन आला. वर्कशॉपमध्ये तेव्हा मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट तीन दिवसांवर आलं होतं. ऑडिट आटोपलं की निघतो, असं सयाजीने कळवलं. ऑडिट झालं, एकही चूक निघाली नाही. तो गावी पोचला तेव्हा अण्णांना माती देऊन झाली होती.

तेव्हापासून त्याने मनाशी ठरवलं, की प्रभूच्या मेजावरच्या पावाला हात लावायचा तो स्वच्छ होऊनच. निदान एक आठवडा तरी असा जावा, ज्यात आपल्या हातून काही वावगं घडलं नाही. दर शनिवारी संध्याकाळी तो गच्चीवर बसून आठवडा आठवायचा. कुणाला तरी टोचून बोललेलं असायचं, कुठे तरी मनात राग धरलेला असायचा. मग हा महिना जाऊ दे, पुढच्या महिन्यात, असं म्हणून तो खाली यायचा. चर्चचे पाळक दोनदा घरी येऊन समजावून गेले. त्याने खाली मान घालून ऐकून घेतलं. मंजुळाने तर तो विषयच सोडला होता.

यंदा फेब्रुवारीत गावाकडची सरूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्यांच्याकडे राहायला आली. अण्णांची ही शेजारीण, ऐंशीच्या पुढची. शेवटच्या दुखण्यात अण्णांचं सगळं तिनेच केलं होतं. रविवारी ती काळा चष्मा लावून त्यांच्यासोबत चर्चला आली आणि सयाजीने तुकडा न घेता ताट मागे सरकवलेलं तिने पाहिलं. दुपारी जेवणं झाल्यावर तिने कारण विचारलं. मंजुळाला इतक्या वर्षांत धड सांगितलं नव्हतं ते सयाजीने म्हातारीला सांगितलं. मग त्याने विचारलं, "मावशी, अण्णांनी माझी वाट पाहिली का?"

त्याला वाटत होतं, ती नाही म्हणेल.

"पाहिली की," सरूबाई म्हणाली. "खोटं कशाला बोलू? मोटारीचा आवाज आला की दाराकडं मान वळवायचे."

सयाजीने चेहरा दोन्ही हातांत झाकून घेतला. म्हातारी बोलतच राहिली.

"आखरीच्या दिशी म्हनले, प्रभुभोजन घ्यायचंय. पाव कुठला गावात? म्या बाजरीची भाकर केली, घाईत ती बी करपली. म्हनले, असू दे. त्यांनी सोताच्या हातानं मोडली. मला दिली, तालुक्यावनं आलेल्या पाळकाला दिली, आन एक तुकडा उशाशी ठिवला. ह्यो सयाजीचा, म्हनले."

"मी आलोच नव्हतो, मावशी."

"ते त्यांना दिसत व्हतं की. तरी ठिवला."

सयाजीने विचारलं, त्या तुकड्याचं पुढे काय झालं.

"म्या खाल्ला," सरूबाई म्हणाली. "तुझा वाटा टाकून कसा देऊ?"

आठ दिवसांनी ती गावी गेली. मार्चचा पहिला रविवार आला. त्याआधीचा आठवडा काही चांगला गेला नव्हता. शुक्रवारी वर्कशॉपमध्ये तो एकाला वाटेल तसं बोलला होता, आणि रविवारी सकाळीच इस्त्रीवरून मंजुळावर खेकसला होता. ताट आलं. तिने तुकडा घेतला, सवयीने ताट त्याच्यापुढे धरलं आणि त्याने ते सरकवावं म्हणून हात सोडले.

ताट मागे गेलं नाही. मागच्या माणसाने खाकरून पाहिलं. सयाजीने कडेचा एक वेडावाकडा तुकडा उचलला आणि तोंडात ठेवला. पाव शिळा होता, टाळूला चिकटला. त्याला वाटत होतं तसं मन काही एकदम शांत झालं नाही. फक्त डोळे वाहत राहिले. मंजुळाने ताट त्याच्या हातातून अलगद काढून मागे दिलं.

वर्कशॉपमध्ये तो आजही शाफ्टवर लाल ठिपके देतो. शनिवारी गच्चीवरही जातो. पण हल्ली तिथे बसलं की स्वतःच्या चुकांऐवजी अण्णाच आठवतात. नऊ वर्षं अपराधाच्या ओझ्याखाली त्याला त्यांची नुसती आठवण कधी काढताच आली नव्हती. आता ती येते आणि छातीत कळ उठते.

परवा मंजुळा वाळलेले कपडे काढायला वर आली, तेव्हा तो आपणहून म्हणाला, "चर्चमध्ये गीत गाताना अण्णांना सूर कधी सापडलाच नाही. आणि सगळी मंडळी त्यांच्यामागून तशीच बेसूर गायची. कुणाला काही वाटायचं नाही."

मंजुळा हसली आणि कपडे बाजूला ठेवून त्याच्याशेजारी बसली.

"आणखी एकदा ऐकायला मिळायला हवं होतं," सयाजी म्हणाला. "तसंच, बेसूर."