पडद्यावरची आई काय म्हणाली

माझ्या सासूबाईंना कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि मालिकांशिवाय त्यांचं पानही हलायचं नाही. संध्याकाळी डेअरीला दूध घालून आलं की आम्ही दोघी टीव्हीपुढं बसायचो. त्या तोंडं बघायच्या आणि मी त्यांच्या कानाशी ओरडून संवाद सांगायचे. उचगावातल्या आमच्या गल्लीत त्या वेळी दुसऱ्या कुणी टीव्ही लावला नसता तरी चाललं असतं.

मला स्वतःला या मालिका सोसत नाहीत. भरजरी साडी नेसून सून पोळ्या लाटते आणि पदराला पिठाचा कण लागत नाही. घरात दहा माणसं, पण भांडी कोण घासतं ते कधी दाखवत नाहीत. खलनायिका तर दिवसभर कान लावून दाराआड उभी. मी कंटाळून दोन शब्दांत उरकायचे, "भांडण लागलंय." सासूबाई लगेच तडकायच्या, "एवढा वेळ तोंड हलतंय तिचं, आणि तू दोनच शब्द सांगतीस व्हय?"

मग मी पदरचं घालायला लागले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. नेभळट सुनेच्या तोंडी मी असे टोले घातले की सासूबाई मांडीवर थाप मारून म्हणायच्या, "आता कशी बोलली!" मालिकेपेक्षा माझे संवाद बरे होते, हे मी आजही म्हणेन. त्यात काही वाईट आहे असं मला वाटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नणंदेनं इचलकरंजीच्या एका बौद्ध घरातल्या मुलाशी कोर्टात लग्न केलं. मुलगा शिकलेला, नोकरीतला, शांत. पण जातीबाहेर गेली म्हणून सासूबाईंनी तिचं नाव टाकलं. यंदा तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हाही त्यांनी तिचं नाव काढलं नाही. मात्र सातवा महिना लागला आणि त्यांनी ट्रंकेतली मऊ जुनी लुगडी काढली, टीव्ही बघता बघता ती फाडून दुपटी शिवायला घेतली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, त्यासाठी माहेरच्या माणसानं मुलीला आणायला जायचं, याला आमच्याकडे मूळ धाडणं म्हणतात. सासूबाईंच्या मनात मूळ घोळत होतं. विचारायचं कुणाला, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

एका रविवारी दुपारी कौटुंबिक चित्रपट लागला होता. त्यातही मुलीनं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेलं. तिचा आईला फोन येतो, दोन्हीकडे रडारड. सासूबाईंची सुई थांबली. पडद्यावरची आई म्हणत होती, "चुकलं माझं. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, उद्याच भावाला धाडते."

सासूबाईंनी माझा दंड धरला. "काय म्हणाली गं आई?"

त्या एका क्षणात मला सगळं दिसलं. शेक-शेगडी, बाळंतिणीला तेल, डिंकाचे लाडू, जागरणं, वर दोन म्हशी आणि माझी सकाळची अंगणवाडीची नोकरी. हे सगळं माझ्याच गळ्यात येणार होतं. मला जातीचं काही नव्हतं हो. मला फक्त काम नको होतं. ते त्याहून हलकं पाप की भारी, हे मला अजून ठरवता येत नाही.

मी कानाशी ओरडले, "म्हणाली, केलंस ते निस्तर. हिकडं यायचं न्हाय!"

आणि पुढची गळाभेट दिसायच्या आत टीव्ही बंद केला. म्हशींची वेळ झाली म्हणाले.

सासूबाई काळ्या पडद्याकडं बघत म्हणाल्या, "बरोबर हाय तिचं." दुपटी घडी करून त्यांनी ट्रंकेत ठेवली. मी बादली घेऊन गोठ्यात गेले.

त्यानंतर खरं सांगायला किती तरी संध्याकाळी होत्या. मी एकही वापरली नाही. नणंद सासरीच बाळंत झाली. तिच्या सासूनं सगळं केलं, मुलीची आई करते तसं. मुलगी झाल्याचा फोन आला, तेव्हा माझ्या नवऱ्यानं आईच्या कानाशी ओरडून सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि उठून चुलीकडं गेल्या.

संध्याकाळी मालिका चालू असताना त्यांनी मधेच विचारलं, "त्या पिच्चरमधल्या पोरीचं पुढं काय झालं असंल गं? आई शेवटपर्यंत न्हाईच आली व्हय बघायला?"

मी हळूच म्हणाले, "आत्ती, मी खोटं सांगितलं."

"मोठ्यानं बोल की."

बहिऱ्या माणसापुढं गुन्हा कुजबुजून कबूल करता येत नाही. मी ओरडून सांगितलं. ती आई ये म्हणाली होती, मूळ धाडते म्हणाली होती, मला काम पडेल म्हणून मी उलटं सांगितलं. शेजारणीचा मिक्सर थांबला. अख्ख्या गल्लीनं ऐकलं असणार.

सासूबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी सुटले असते. एवढंच म्हणाल्या, "पोरगी माझी. मी तुला कशाला इचारत बसले?"

सकाळी त्या धुवट लुगडं नेसून लेकाच्या मोटारसायकलजवळ उभ्या होत्या. इचलकरंजीला निघाल्या होत्या. मी घाईनं पदर खोचला आणि म्हणाले, "आत्ती, मीबी येते. तिथं कोण काय बोललं ते तुम्हाला कोण सांगणार?"

त्यांनी मान हलवली. "तू नगं. न्हाय कळलं तर न्हाय कळूदे. पण तुझ्याकडनं ऐकायचं न्हाय."