डायचा आळ

गल्लीत तिला सगळे तडतडी म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर होतं. कात्रीइतकीच तिची जीभही चालायची.

पोट सारखं दुखायला लागलं म्हणून तिचा सीटी स्कॅन झाला. आतलं नीट दिसावं म्हणून शिरेत औषध टोचलं. थोडा वेळ बसवून ठेवलं आणि "काही होत नाही, जा घरी," म्हणून सोडून दिलं.

दोन दिवसांनी पाठीवर, मांड्यांवर लालभडक पुरळ उठलं. खाजवून खाजवून ती हैराण झाली. ओळखीच्या डॉक्टरांनी लांबूनच पाहिलं. "केसांना डाय लावता ना लोकांच्या? त्याचंच असणार. बंद करा."

"डाय हाताला लागतो, डॉक्टर. हात बघा, स्वच्छ आहेत. पाठीला कोण लावतं?"

त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

नणंदेच्या तोंडून डायने पुरळ उठल्याची बातमी फुटली आणि गिऱ्हाइकं आटली. त्यात नवराही म्हणाला, "डॉक्टर म्हणतात म्हणजे असेल." तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी पाठ नीट तपासली आणि विचारलं, "एवढ्यात काही इंजेक्शन घेतलं होतं?"

"स्कॅनचं."

"मग बहुतेक त्याचंच. काहींना असं उशिरा उठतं. यापुढे स्कॅनआधी आठवणीने सांगा."

तडतडी तिथून तडक स्कॅन सेंटरवर गेली. टेक्निशियन म्हणाला, "क्वचितच होतं हो असं."

"मला झालं ना? जाताना एवढं सांगायला तोंड दुखत होतं तुमचं? माझा धंदा बसला."

"सांगितलं की पेशंट घाबरतात."

ती बाकांवर बसलेल्यांकडे वळली. "स्कॅन खुशाल करून घ्या. पण नंतर आठवडाभरात अंगावर काही उठलं तर डॉक्टरांना या सुईचं सांगा. गप्प बसू नका."

कोपऱ्यातले आजोबा चाचरत म्हणाले, "मागच्या स्कॅननंतर मलाही उठलं होतं. सून म्हणाली साबणाचं असेल. मी साबण बदलला."

टेक्निशियनचा चेहरा उतरला. आजोबांच्या हातात सुई आधीच बसवलेली होती, औषध तेवढं जायचं होतं. तो आतून मोठ्या डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी आजोबांना बरंच काही विचारलं आणि त्या दिवशीचा स्कॅन थांबवला.

गोळ्या-मलमाने तिचं पुरळ ओसरलं, कातडीचे पापुद्रे निघाले. गिऱ्हाइकंही हळूहळू परतली. माफी मात्र कुणी मागितली नाही, आणि विषय निघाला की ती अजून तितकीच तापते.