नामदेवला समजावण्याचे दोन दिवस

किस्से कुणी जमवत नाही. मशीन शॉपमध्ये लोखंडाचा कीस खिशात साठतो, तसे ते साठतात. कपडे कितीही झटका, थोडा उरतोच.

मी आणि नामदेव एकाच शॉपमध्ये होतो. रिटायर झाल्यावर मी बार्शीला गावाकडे गेलो. तो मूळचा कंपनीजवळच्या थेरगावचा, तिथंच राहिला. बायको गेल्यापासून एकटा असतो.

मागच्या महिन्यात त्याच्या मुलाचा, सचिनचा, फोन आला. "काका, शनिवार-रविवार या की! मस्त आराम करा. आणि बाबांना तेवढं समजवा. मारुंजीला आमच्याकडं राहायला या म्हणावं."

सचिन आयटीत आहे. आरामाला बोलावून काम सांगायचं तो तिथंच शिकला असणार! मी सातवी शिकलेला. समजावणं हे जास्त शिकलेल्यांचं काम. तरी गेलो. नामदेव आजारी पडला तर पाणी द्यायला कुणी नाही, हे खरं होतं.

*

शनिवारी थेरगावला डांगे चौकात उतरलो. नामदेव न्यायला आला होता. घरी पोचलो तर पाण्याची टाकी धुवायला काढलेली. माझ्या हातात ब्रश दिला.

"अरे, मी वीकेंडला आलोय!"

"वीकेंड? आज शनिवार हाय राव!"

आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी असायची. या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना असते. नामदेव रिटायर होऊन वर्षं झाली, पण शनिवार-रविवारी तो अजून बसत नाही.

"गुरुवारी सुट्टी, मग त्या दिवशी मुलाकडं जात जा."

"गुरुवारी त्यो कामावर. त्याच्या सुट्टीला माझी ड्युटी!"

टाकी धुतली. चांगली धुतली.

*

संध्याकाळी मंडईजवळच्या कट्ट्यावर आमच्या शॉपमधले दोघं भेटले, शंकर आणि मारुती. मी बसायच्या आत शंकर म्हणाला, "समजवायला आला ना?"

सचिननं त्या दोघांनाही कामाला लावलं होतं.

"मग? जमलं कुणाला?"

मारुतीनं शंकरकडं बोट केलं. "ह्यो गेला होता की! चांगला तासभर समजावलं. पुढच्या आठवड्यात ह्योच स्वतःच्या पोराचा फ्लॅट सोडून परत आपल्या खोलीवर आला!"

*

नामदेवच्या घरात सचिननं कॅमेरा बसवला आहे. बाबा पडले-झडले तर मोबाइलवर दिसावं म्हणून. जेवायच्या आधी नामदेव उठला आणि कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला.

मला बरं वाटलं. म्हटलं, बरोबर आहे. कुणी बघत असताना घास उतरत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. "बाबा! काय झालं? दिसत का नाही?"

"काय न्हाई. टॉवेल वाळत घातलाय. जेवलास का? सूनबाई बरी हाय ना?" चांगली पाच-दहा मिनिटं बोलणं झालं. मग त्यानं टॉवेल काढला.

"हे काय रे?"

"आपण फोन केला की त्यो मीटिंगमध्ये असतो," नामदेव भाकरी मोडत म्हणाला. "टॉवेल टाकला की लगेच येतो."

*

रविवारी सचिन गाडी घेऊन आला आणि आम्हा दोघांना मारुंजीला नेलं. नववा मजला. सुनेनं खोली दाखवली. "बाबा, ही तुमची." पलंग, एसी, खिडकी. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या दिसत होत्या.

सचिननं मला खूण केली. मी म्हणालो, "खोली चांगली आहे. ये राहायला." माझं समजावणं संपलं.

नामदेवनं विचारलं, "शेजारी कोण हाय?"

"असतील कुणीतरी," सचिन म्हणाला.

"कुणीतरी म्हंजी?"

"बाबा, इथं प्रायव्हसी असते."

नामदेव चपला घालून बाहेर गेला. आम्हाला वाटलं, लिफ्ट बघत असेल. बराच वेळ झाला तरी येईना, तेव्हा सचिन घाबरला. आम्ही बाहेर आलो. समोरचं दार उघडं होतं. आत सोफ्यावर नामदेव चहा पीत बसला होता. त्या घरातल्या म्हातारबाई लातूरकडच्या. त्यांची दोन गुडघ्यांची ऑपरेशनं, मुलाची नोकरी, नातवाची शाळा, सगळं त्याचं विचारून झालं होतं.

बाईंनी सचिनला खालून वर पाहिलं. "नवीन आलाव का, बाळा? कवा आलाव ऱ्हायला?"

"माझा मुलगा हाय," नामदेव म्हणाला. "समोरच ऱ्हातो. दोन वर्सं झाली."

"आगं बया! मला वाटलं, समोरचं घर रिकामंच हाय!"

मग सचिन गाडीनं आम्हाला परत सोडायला निघाला. थेरगाव आलं. नामदेवनं उतरायला दार उघडलं, तेव्हा सचिननं हळूच विचारलं, "मग बाबा, कधी येताय राहायला?"

नामदेव म्हणाला, "आदी तू तिथं ऱ्हायला जा. मग मी येतो."