रुंदीचे तीन आकडे

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे माझ्या घरी आणि शाळेत सगळ्यांना माहीत आहे. आता जरा निवळले आहे. पण काही वर्षांपूर्वी कळमनुरी तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या शाळेत मी चौथीला शिकवत होते, तेव्हा मला कुणी उलट बोललेलं अजिबात खपत नसे. त्यात शाळेला चार टॅब मिळाले होते आणि त्यांवर आकृत्या काढून मोजमाप कसं शिकवायचं, याचं प्रशिक्षण मी हिंगोलीला जाऊन घेऊन आले होते. मग काय विचारता! शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज एक फोटो टाकल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

उपक्रम चांगलाच होता, ते आजही म्हणेन. सेंटिमीटर-मीटर पाठ करून लेकरांना काही कळत नाही, वस्तू करायला घेतली की कळतं. वर्गाच्या मागच्या बाजूला दोन खांबांच्या मधे जागा रिकामी होती. तिथे बसेल अशी पुस्तकांची मांडणी करायचं आम्ही ठरवलं. मुलांनी जागा मोजायची, टॅबवर आकृती काढायची, पुठ्ठ्याचा छोटा नमुना करायचा आणि मग आखाडा बाळापूरच्या सुताराकडून प्लायवूडची खरी मांडणी करून घ्यायची. पोरं हरखून गेली. मधल्या सुट्टीत कुणी डबा मोजायचं, तर कुणी शेजाऱ्याचं नाक.

टेप धरायचा मान एका मुलीकडे होता. तिचे वडील गवंडी. ते नांदेडकडे कामाला जायचे आणि सुट्ट्यांमध्ये तीही त्यांच्यासोबत असायची. बाकी अभ्यासात ती यथातथाच. वाचताना अडखळायची, फळ्यापाशी बोलावलं की रडवेली व्हायची. पण मोजायचं म्हटलं की सगळी पोरं तिच्याभोवती जमायची, "हे किती गं?" म्हणून विचारायची. वर्गात आपल्याला कुणीतरी काहीतरी विचारतं, हे सुख त्या लेकराला पहिल्यांदाच मिळालं होतं.

तिनं खांबांमधली रुंदी मोजली आणि वहीत तीन आकडे लिहून आणले. खाली एकशे बावीस, मधे एकशे एकवीस, वर एकशे वीस.

"जागा एक आणि रुंदी तीन?" मी विचारलं.

"खांब सरळ नसतेत, मॅडम. पप्पा तीन जागी मोजतेत. समद्यात कमी भरंल ते धरतेत."

टॅबवर रुंदी भरायला चौकट एकच होती, आणि पडद्यावरचे माझे खांब अगदी काटकोनात उभे होते. स्वतः उठून मोजायला मला दोन मिनिटं लागली असती. पण मागे पोरं ऐकत होती. चौथीतली पोरगी मला शिकवतेय असं झालं आणि माझं डोकं सटकलं. "ही शाळा आहे, बांधकाम नाही," मी म्हणाले. "नीट मोजता येत नाही म्हणून तीन-तीन आकडे लिहितेस होय?" वरचे दोन आकडे मी लाल पेनानं खोडले आणि खालचा ठेवला. लहान मुलीला टेप खालीच नीट धरता येणार, असं माझं शास्त्र. दोन दिवसांनी सुताराचा फोन आला, "मॅडम, एकडाव जागेवर येऊन बघू का?" त्यालाही मी उडवून लावलं. आकृती कॉम्प्युटरवर काढलीय, तिच्या मापानं बराबर करा, म्हणाले.

मांडणी यायच्या दिवशी मी केंद्रप्रमुखांना मुद्दाम बोलावलं होतं. तांड्याचे नाईक आले होते, पालक आले होते. मी ठेवणीतली साडी नेसले होते. सुतारानं आणि त्याच्या जोडीदारानं मांडणी उचलली आणि जागेत सरकवली. तळ आत गेला, माथा खांबांना अडला. त्यांनी जोर लावला तसा खांबाचा पोपडा निघून खाली पडला. मागे कुणीतरी हसलं.

"मोजमापात काही घोळ झाला का, मॅडम?" केंद्रप्रमुखांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. ते साधं विचारत होते.

"माप मुलांनी घेतलं होतं, सर," मी म्हणाले. आणि तेवढ्यावर न थांबता मी त्या मुलीकडे बघितलं. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर गेल्या.

वही तिच्या हातातच होती. तिनं ती उघडून दाखवली असती, तर माझ्या लाल रेघा सगळ्यांना दिसल्या असत्या. मला त्या क्षणी त्याचीच भीती वाटली, दुसरं काही मनात आलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, वही पाठीमागे धरली आणि म्हणाली, "व्हय सर. माझं चुकलं."

केंद्रप्रमुखांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, चुकतमाकतच शिकायचं असतं, असं काहीतरी म्हणाले. सुतारानं तिथल्या तिथे फळ्या सोडवून, कापून मांडणी बसवली. चहा झाला. फोटो काढले, आणि ते मी ग्रुपवर टाकलेसुद्धा. किती निलाजरं असावं माणसानं!

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिला थांबवून घेतलं.

"काल तसं का म्हणालीस? चूक तुझी नव्हती."

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"मग?"

"तुमचा आवाज कापून राहिला व्हता, मॅडम. वाटलं, सायेब आता तुमाला बोलतेत."

मला तोंड वर करवेना. नऊ वर्षांच्या पोरीनं मला पदराआड घेतलं होतं, आणि मी तिला पुढे ढकललं होतं. मी म्हणाले, उद्या वर्गात सगळ्यांना खरं काय ते सांगते. "खरंच?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले. ती दप्तर सावरत पळतच तांड्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या रांगेत येऊन बसली होती. एरवी तिची जागा मागे असायची. मी हजेरी घेतली. मग घसा खाकरला, आणि भागाकार शिकवायला घेतला. उद्या सांगू, म्हटलं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता, सकाळची शाळा, गडबड. सोमवारी ती तिच्या जुन्या जागेवर जाऊन बसली.

पुढच्या आठवड्यात झाडांची आळी मोजायला आम्ही अंगणात आलो. मी टेप तिच्यापुढे धरला.

"तिला नगा देऊ, मॅडम," दोन-तीन पोरं एकदम ओरडली, "ती चुकीचं मोजती."

ती माझ्याकडे बघत थांबली. मी काहीच बोलत नाही म्हटल्यावर तिनं टेप माझ्या हातातून घेतला, शेजारच्या मुलीला दिला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

"चला," मी म्हणाले, "करा सुरू."